सोयाबीन निघालं की घेऊ

"ताई, फोन आत्ता घ्यावं का थांबावं?"

माझ्या धाकट्या भावाचा हा प्रश्न बहुतेक जूनमध्ये येतो. तो लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी शेती करतो, मी पुण्यात नोकरी करते, आणि घरात कुणालाही फोन घ्यायचा झाला की विचारणा माझ्याकडे होते. बाजार ओळखणारा कुणीही त्याला सांगेल की थांब, सप्टेंबरअखेर सेल लागतील, तेव्हा हाच फोन दोन-तीन हजारांनी कमी पडेल. उत्तर खरं आहे. पण तो जूनमध्ये विचारतो, कारण त्याला फोन जूनमध्येच लागलेला असतो. त्या उत्तरात ही गोष्ट कुठेच धरलेली नसते.

फोन वर्षात कधी घ्यावा याचा विचार करताना आपण तो कधी स्वस्त होतो एवढंच बघतो. घरात पैसा कधी येतो आणि फोनवाचून काम कधी अडतं, यांनाही वर्षातल्या ठरलेल्या वेळा असतात. या सगळ्या वेळा ज्यांच्या घरी जुळतात त्यांना फोन स्वस्त पडतो. ज्यांच्याकडे जुळत नाहीत ते तोच फोन महाग घेतात, आणि बहुतेक वेळा ते आधीच अडचणीत असलेले लोक असतात. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण त्यासाठी सगळं वर्ष उलगडून बघावं लागेल.

आधी कंपन्यांचं वर्ष. ॲपलचा पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी जाहीर झाला आणि २९ जूनला अमेरिकेत विक्रीला आला. सुरुवातीची काही वर्षं नवा आयफोन जून-जुलैतच येई. २०१२ च्या आयफोन ५ पासून सप्टेंबर ठरून गेला. करोनाच्या वर्षी तेवढा तो ऑक्टोबरवर ढकलला गेला. सप्टेंबरात माल दुकानात लागला की पाश्चात्त्य देशांतली नाताळची खरेदी सापडते. सॅमसंगची गॅलेक्सी एस मालिका अलीकडे जानेवारी-फेब्रुवारीत येते, घडीचे फोन जुलै-ऑगस्टमध्ये. गूगलचा पिक्सेल बरीच वर्षं ऑक्टोबरात यायचा, २०२४ पासून तो ऑगस्टमध्ये येऊ लागला. अँड्रॉइडच्या महागड्या फोनांची नव्या वर्षाच्या तोंडाशी गर्दी होते, कारण क्वालकॉमची सर्वांत वरची चिप सप्टेंबर ते डिसेंबरच्या दरम्यान जाहीर होते आणि ती बसवलेले बरेच फोन आपल्याकडे पोचेपर्यंत वर्ष सरत आलेलं असतं.

नवा आला की जुना उतरतो. २०२४ च्या सप्टेंबरात आयफोन १६ भारतात ७९,९०० रुपयांना आला आणि आयफोन १५ ची अधिकृत किंमत तेव्हाच ७९,९०० वरून ६९,९०० झाली. म्हणून आयफोन घेणाऱ्याने जुलै-ऑगस्टमध्ये हात आवरावा, याबद्दल दुमत होणार नाही. अँड्रॉइडमध्ये भाव असा एका दिवसात पडत नाही, बाजारात आल्यापासून महिन्या-महिन्याने खाली येत जातो. आणि माझ्या भावाला ज्या किमतीत फोन हवा असतो, बारा ते पंधरा हजारांत, तिथे कंपन्यांच्या या वेळापत्रकाचा जवळजवळ संबंधच येत नाही. त्या थरात वर्षभर कुणाचं ना कुणाचं नवं मॉडेल येत असतं. तिथला भाव हलतो तो सेलमुळे.

फ्लिपकार्टने ६ ऑक्टोबर २०१४ रोजी पहिला 'बिग बिलियन डे' केला, एकाच दिवसाचा. पुढच्या वर्षापासून त्याचे अनेक दिवस झाले आणि ॲमेझॉनही सणांचा मोठा सेल घेऊन शेजारी उभं राहिलं. आता जानेवारीत प्रजासत्ताक दिनाचे, जुलैत ॲमेझॉनच्या सभासदांचा, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाचे असे सेल लागतात, पण मोठी सूट दसरा-दिवाळीलाच, कारण गिऱ्हाइकाच्या हातात पैसा तेव्हा असतो. १९६५ च्या कायद्याने बोनस हा कामगाराचा हक्क झाला. किमान दर पुढे ८.३३ टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, तेराव्या महिन्याचा पगार. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यावा असं कायदा म्हणत होता; देणारे आणि घेणारे दोघेही दिवाळीच धरत आले. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी घरांत टीव्ही, फ्रिज, पहिली दुचाकी या पैशातून आली आहे. फोनने त्यांच्यामागून येऊन आपली जागा केली.

शेतकऱ्याचा बोनस म्हणजे सोयाबीन. जूनमध्ये, फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात पेरायचं, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर काढायचं, मळणी करून पोती लातूरच्या आडतीवर न्यायची. माझ्या लहानपणापासून घरातली प्रत्येक नवी वस्तू "सोयाबीन निघालं की घेऊ" या एका वाक्यावर तोलली गेली आहे. बारा हजारांचा फोन आमच्या घरी क्विंटलात मोजला जातो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्याही खाली जात होता. म्हणजे फोन अडीच ते तीन क्विंटलांचा.

मी कधी कधी साडेतीन मुहूर्त आणि आमच्याकडची पिकं शेजारी शेजारी मांडून पाहते. दसरा आणि बलिप्रतिपदा खरिपाच्या पैशाला लागून येतात. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया येतात तेव्हा हरभरा, गहू, ज्वारी घरात आलेली असते. मुहूर्त कसे ठरले हे पंचांगकर्ते सांगतील; पण ज्या घरात पैसा वर्षातून दोनदाच दिसतो, त्या घराला हे दिवस नेमके सोयीचे पडतात. नवं काही घेऊ नये असा जो पितृपंधरवडा, तो भाद्रपदात येतो, पीक शेतात उभं आणि हात रिकामे असताना. आईचा या पंधरवड्यावर ठाम विश्वास आहे. "पक्षात नवी वस्तू घरात आणू नये," एवढंच ती म्हणते. मला त्यात उधारीवर घातलेली एक जुनी आडकाठी दिसते, आणि ती मला शहाणपणाची वाटते. २०२४ साली मोठे सेल २७ सप्टेंबरला सुरू झाले आणि सर्वपित्री अमावास्या होती २ ऑक्टोबरला. पहिल्या दिवसाचे भाव आईच्या नियमात बसत नव्हते. तिने कुणालाही घेऊ दिलं नाही.

आता जूनकडे येते. जून म्हणजे बियाणं, खत, पेरणीची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं. शेतकऱ्याच्या घरातला पैसा या महिन्यात जमिनीत जातो. मुलांचं शिक्षणही याच दिवसांत नव्या वळणावर असतं. दहावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि अकरावीचे अर्ज सुरू होतात. २०२५ पासून ही प्रवेशप्रक्रिया सगळ्या राज्यासाठी ऑनलाइन झाली. अर्ज भरणं, पसंतीक्रम देणं, यादी लागली की ठरलेल्या दिवसांत होकार कळवणं, प्रत्येक पायरीला ओटीपी. तालुक्याच्या ठिकाणी नेट कॅफे आहेत, पण ओटीपी येतो तो बापाच्या फोनवर, आणि बाप त्या वेळी पेरणीवर. माझी भाची यंदा दहावीला होती, त्यामुळे हे सगळं आम्ही वर्षभर आधीपासून डोळ्यांपुढे धरून होतो.

ऑगस्टमध्ये फोनचं दुसरं काम निघतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यातल्या बारा नंबरच्या नमुन्यावर पिकाची नोंद पूर्वी तलाठी करत. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन, ॲपमध्ये गट नंबर घालून, उभ्या पिकाचा फोटो काढून ती करायची. खरिपाची मुदत साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते आणि पुष्कळदा वाढते. हमीभावाने विकायचं तर ही नोंद लागते. कल्पना मला मनापासून पटते. शेतात काय उभं आहे हे शेतकऱ्यापेक्षा जास्त कोण जाणतो? पण त्यासाठी धड कॅमेरा असलेला, जागा बरोबर दाखवणारा, ॲप उघडल्यावर बंद न पडणारा फोन लागतो. तो लागतो सोयाबीनला शेंगा भरत असताना, म्हणजे फवारणीची उधारीसुद्धा फिटलेली नसते तेव्हा. एका फोनवरून अनेकांची नोंद करता येते, म्हणून गावात एखाद्या पोराचा बरा फोन अख्ख्या शिवारात फिरतो. गावं अशी एकमेकांना सांभाळून घेतात हे चांगलंच आहे. पण स्वतःच्या शेताची नोंद दुसऱ्याच्या सवडीवर ठेवताना माणसाला कसं वाटतं, ते मी भावाच्या तोंडून ऐकलं आहे. "त्यो येईल तवा येईल, आपण बांधावर बसून वाट बघायलाव," असं तो म्हणाला होता.

२०२० साली तर या सगळ्याची गाठ एकदम पडली. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. १ एप्रिलला फोनवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. एप्रिलभर ऑनलाइन विक्रीही फक्त जीवनावश्यक वस्तूंची होती, फोन त्यात धरलेले नव्हते. आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्या त्या फोनवर. आमच्या तालुक्याच्या दुकानांत स्वस्त मॉडेल आलं की लगेच संपत असे. ओळखीच्या एका घराने मुलाच्या तासांसाठी शेळी विकून फोन आणला. आठवडी बाजार बंद, त्यामुळे शेळी दारातल्या दारात मिळेल त्या भावाने गेली. फोन मात्र छापील किमतीला. वर्षातल्या सगळ्यांत वाईट दिवशी विकायचं आणि सगळ्यांत वाईट दिवशी घ्यायचं, ही वेळ त्या घरावर त्यांच्या कुठल्या चुकीने आली नव्हती.

तरीही मला गेल्या वर्षीचा, २०२५ चा, सप्टेंबर त्याहून जास्त आठवत राहतो. ८ सप्टेंबरला पितृपंधरवडा लागला. १९ ला, पंधरवडा चालू असतानाच, आयफोन १७ विक्रीला आला आणि मुंबईत बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानापुढे पहाटेपासून रांगा लागल्या. २१ ला सर्वपित्री झाली. २२ ला घटस्थापना, आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर. मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले, फोन होता तिथेच, १८ वर राहिला. २३ ला दोन्ही मोठे सेल उघडले. या वेळी सेल पंधरवडा संपल्यावर होता, आईचीही हरकत नव्हती. भावाने ऑगस्टमध्येच मला सांगून ठेवलं होतं की या सेलमध्ये पोरीसाठी फोन बघ, पैसे सोयाबीनवर देतो. मी दोन मॉडेल काढून ठेवली होती.

त्याच दिवसांत मराठवाड्यावर तो पाऊस कोसळला. धाराशिव, बीडमध्ये आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सीनेच्या काठची गावं पाण्यात गेली. जनावरं वाहून गेली, कितीतरी शेतांची वरची माती गेली. आमच्या लातूरकडेही काढणीला आलेलं सोयाबीन दिवसेंदिवस पाण्यात उभं राहिलं. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. आमचं शेत नदीपासून लांब आहे, तरी शेंगांना झाडावरच कोंब फुटले. इकडे माझ्या फोनवर तासातासाला ऑफरचे मेसेज येत होते: आणखी इतकी सूट, फक्त आज रात्रीपर्यंत. मी रोज रात्री भावाला फोन करत होते. घर गळतं का, गोठ्यात पाणी आलं का, विहिरीचा कठडा कसा आहे, एवढंच बोलणं होई. पोरीच्या फोनचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. मी पैसे घालते म्हणाले असते तर त्या दिवसांत त्याला ते लागलं असतं.

वर्षातला सगळ्यांत स्वस्त आठवडा आणि त्याच्या घरातला सगळ्यांत कठीण आठवडा एकच निघाला. स्वस्त दिवस पंचांगात छापून आले तरी ते सगळ्यांसाठी येत नाहीत, हे मला तेव्हा जितकं स्पष्ट दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं. वाट पाहण्यासाठी मुळात हाती पैसा असावा लागतो. माझ्यासारख्या महिन्याच्या पगारावरच्या माणसाला जूनचा फोन ऑक्टोबरपर्यंत ढकलता येतो, कारण माझा जुना फोन तोवर चालेल असा असतो आणि बंद पडलाच तर कपाटात आणखी एक असतो.

वाट पाहण्याची स्वतःची किंमतही असते, आणि सूट मोजणारे लोक ती धरत नाहीत. फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हे तो बाजारात आल्यापासून मोजलं जातं, आपण घेतल्यापासून नाही. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ मालिकेला सात वर्षांचे अपडेट जाहीर झाले. तिथे वर्ष उशिरा घेतलं तरी सहा उरतात. पण स्वस्त फोनांत पुष्कळदा दोन-तीन वर्षांचीच हमी असते. असा फोन दीड वर्षाने सेलमध्ये दोन हजारांनी कमी मिळाला तर त्याचं निम्मं आयुष्य दुकानातच सरलेलं असतं. ज्या फोनवर बँकेचं ॲप आणि यूपीआय चालणार, त्याच्या बाबतीत ही गोष्ट मी फार गंभीर मानते. बॅटरीही पेटीत पडल्या पडल्या थोडी थोडी म्हातारी होत असते. फोनच्या खोक्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापणं आपल्याकडे नियमाने बंधनकारक आहे. भाव विचारण्याआधी खोकं उलटं करून तो महिना वाचावा, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. दुकानदार सहसा वाचून दाखवत नाहीत.

आणि थांबलं की स्वस्तच होईल, हेही आता धरून चालता येत नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात फोनवरची आयात जकात २० वरून १५ टक्के झाली, तेव्हा थांबलेल्यांचा फायदा झाला. पण २०२५ च्या शेवटाला मेमरी चिपांचे भाव चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी अफाट वाढली आणि चिप बनवणाऱ्यांनी आपला माल तिकडे वळवला. त्याचा भार सगळ्यांत आधी स्वस्त फोनांवर येतो, कारण त्यांच्या किमतीत मेमरीचा वाटा मोठा असतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला उभारलेल्या त्या इमारतींमुळे आमच्याकडच्या एका पोरीचा फोन महागतो, हे भावाला समजावताना मला शब्द सापडत नव्हते.

हप्त्यांबद्दल थोडक्यात. दुकानात फायनान्सवाला टेबल मांडून बसलेला असतो आणि "नो कॉस्ट" म्हणत आधार आणि पॅन मागतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरात, सणांच्या तोंडावरच, बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते. आज व्याज सवलतीच्या रूपात आधीच वळतं केलेलं दाखवतात, पण प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी गिऱ्हाईकच भरतो. पगारदाराला हे झेपतं. शेतकऱ्याचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो आणि पैसा वर्षातून दोनदा. आमच्या गावात हप्ता चुकल्यामुळे येणारे वसुलीचे फोन त्याच हप्त्यावर घेतलेल्या फोनवर ऐकणारी माणसं मी पाहिली आहेत. हा मार्ग मी भावाला कधी सुचवत नाही.

मग त्याने घ्यावा कधी? याचं उत्तर शेवटी माझ्या भावजयीकडून आलं. ती बचत गटात आहे. गटातल्या आणखी काही घरांत मुलं दहावी-बारावीला होती आणि सगळ्यांचंच सोयाबीन गेलं होतं. पण पाऊस इतका झाला होता की जमिनीत ओल भरपूर राहिली. हलक्या, निचऱ्याच्या रानात जिथे तूर तगली होती तिथे ती बरी झाली, हरभराही चांगला उतरला. शिवाय प्रत्येकीकडे थोडंफार दूध जातं, आणि डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी होतो. शेतकऱ्याच्या घरात नेमाने येणारा पैसा हा एवढाच. भावजयीने गटात मांडलं की दुधाच्या प्रत्येक पगारातून थोडे बाजूला काढू, कमी पडले तर गटातून उचलू, तुरीवर फेडू, आणि फोन सगळ्याजणी एकदमच घेऊ.

तिने मला विचारलं, "ताई, फेब्रुवारीत घेतलं तर चालतंय का? तवा सेल नसतोय म्हणं."

मी खूप विचार केला, आणि जितका केला तितका मला फेब्रुवारीच बरोबर वाटत गेला. अर्थसंकल्प १ तारखेला होऊन गेलेला असतो, करांचा जो काही फरक पडायचा तो कळलेला असतो. जानेवारीत नवी मॉडेल आलेली असतात, त्यामुळे दिवाळीच्या आसपास आलेली चांगली मॉडेल भावात उतरू लागतात आणि त्यांचे अपडेट अजून पुरते शिल्लक असतात. तूर आडतीवर गेलेली असते. बोर्डाची परीक्षा तोंडावर असते म्हणून मुलांच्या हातात तो फोन लगेच पडत नाही, हे मला आत्या म्हणून महत्त्वाचं वाटलं. आणि दुकानदाराचे दिवस थंडे असतात. संक्रांत संपलेली, लग्नसराईची आणि पाडव्याची खरेदी अजून यायची, सणांत उचललेल्या मालातले नग कपाटात बसलेले.

त्या पाचसहाजणी औशाच्या एका दुकानात एकत्र गेल्या. भावजयीने माझ्या सांगण्याप्रमाणे प्रत्येक खोकं उलटं करून महिना वाचला आणि दोन खोकी परत ठेवायला लावली. एकदम इतके फोन जाणार म्हटल्यावर दुकानदाराने जो भाव लावला तो ऑनलाइनवरच्या दिवाळीच्या भावाच्या अगदी जवळ होता, वर कव्हर आणि टफन ग्लास त्याने पदरचे दिले. प्रत्येकीने आपापल्या नावाचं पक्कं बिल घेतलं. भाचीने पुढे आपले प्रवेशाचे अर्ज त्याच फोनवर भरले, बांधावर असलेल्या बापाकडे ओटीपी विचारायला न धावता.

सरकारनेही हे वेळापत्रक एकदा शेतकऱ्याच्या बाजूने पाहावं असं मला वाटतं. जे काम फोनशिवाय होतच नाही त्याची मुदत पैसा नसलेल्या महिन्यांत येत असेल, तर गावात एक चांगला सार्वजनिक फोन आणि तो चालवणारं माणूस त्या मुदतीपुरतं तरी हवं. पीक पाहणीसाठी सहायक असतात. ते मुदत संपताना न येता सुरुवातीपासून बांधावर दिसले तर कित्येक घरांची अडचण टळेल.

यंदा अधिक ज्येष्ठ आल्याने सगळे सण पुढे गेले आहेत. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरलाच झाला होता, तेव्हा पीक अजून रानात होतं. यंदा पाऊस नीट राहिला तर माल दसऱ्याआधी आडतीवर पोचलेला असेल आणि सेलच्या दिवसांत गावात पैसा असेल. भाऊ म्हणतो, औंदा दिवाळीतच घेऊ, स्वतःसाठी. पीक पाहणीला त्याचा जुना फोन नीट फोटो काढत नाही. मी त्याला सांगितलं आहे की आडतीवरून पट्टी हातात पडेपर्यंत एकही ऑफर उघडून बघू नकोस.

गटाच्या पुढच्या फेब्रुवारीच्या यादीत नवी नावं आली आहेत. त्यांत भावजयीने आईचंही घातलं आहे, तिला मोठ्या पडद्यावर कीर्तनं बघायची आहेत. आईने अट घातली: फोन फेब्रुवारीत घ्या, पण सील पाडव्याला फोडा. मी तिला समजावलं की वॉरंटी बिलाच्या तारखेपासून सुरू होते आणि नग खराब निघाला तर दुकानात आठवड्याभरातच दाखवावा लागतो, बंद खोकं इतके दिवस ठेवून चालणार नाही.

"मग पाडव्यालाच घ्या," ती म्हणाली. "माझं कुठं काय अडलंय."

भावजयीने तिचं नाव यादीतून काढून पाडव्याच्या रकान्यात लिहिलं.